हौशी सायकलिंग म्हणजे फक्त रोडबाइक नव्हे

सायकलिंग आता फक्त महागड्या रोडबाइकवाल्यांचं (बारीक टायरच्या, डांबरी रस्त्यावर वेगात पळणाऱ्या सायकलींचं) राहिलंय असं काही जण म्हणतात, मला ते नाही पटत. उलट सुरुवातीलाच ते मूठभर लोकांचं होतं, त्या मोठ्या पुढच्या चाकाच्या उंच सायकलवर चढायचं म्हणजेच धाडस, पडलात तर तोंडावर. १८८५ मध्ये रोव्हर नावाची सायकल आली, चेनवर चालणारी, दोन्ही चाकं जवळपास सारखी, मग १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आणि तिथून बायकासुद्धा मोठ्या संख्येने सायकलवर फिरायला लागल्या. हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि माउंटन बाइक, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवरची सायकल, तर कुठल्या कंपनीने बसून काढलेली नाहीच! १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली यायची, मागच्या ब्रेकमधलं ग्रीस उतारावर इतकं तापायचं की जळून जायचं आणि खाली आल्यावर परत भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. बीएमएक्स, म्हणजे लहान चाकांच्या सायकलींची मातीतली शर्यत, पण असंच, मोटोक्रॉस (मोटरसायकलींची मातीतली शर्यत) बघून मुलांनी सुरू केलेलं.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करणारे आणखी वेगळे. २०० किमी साडेतेरा तासांत, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पोचलं की झालं. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये रेस म्हणून सुरू झाली, आज तीच १२०० किमीची हौशी लोकांची राइड आहे.

ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांवरची सायकल), ई-बाइक (पेडल मारताना मोटरची मदत देणारी सायकल) वगैरे आहेतच. ई-बाइकला 'चीटिंग' म्हणणाऱ्यांचा मात्र मला खरंच राग येतो, गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेली माणसं तिच्यामुळे परत चढ चढतायत.