मदत हवी आहे : वडिलांच्या व्हीलचेअरचे माप आणि उशी
मणक्याच्या दुखापतीमुळे माझ्या वडिलांच्या कमरेखालची संवेदना गेली आहे. त्यांना मिळालेली व्हीलचेअर अंगापेक्षा बरीच रुंद असल्याने ते डावीकडे कलतात आणि माकडहाडाजवळ उमटलेली लाली अर्ध्या तासानंतरही जात नाही. ही दाबव्रणाची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते, म्हणून तूर्त त्यांना खुर्चीत बसवणे थांबवले असून उद्या डॉक्टरांना दाखवणार आहोत.

बैठकीची रुंदी नितंबांच्या मापाइतकी असावी, तिची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत साधारण दोन बोटांचे अंतर राहावे आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या मांड्या उशीवर पूर्ण टेकतील इतक्याच उंच असाव्यात, एवढे मला ठाऊक आहे. परंतु ज्यांचा तोल एका बाजूला जातो त्यांचे माप बसवून घ्यावे की झोपवून? सातारा-कोल्हापूर भागात असे माप घेऊन खुर्ची जुळवून देणारे जाणकार कोणास माहीत आहेत का? फोमची उशी घ्यावी की हवेची, याबाबत दुकानदारांपेक्षा ती रोज वापरणाऱ्यांचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. हवेच्या उशीतील हवा वरचेवर तपासावी लागते, आणि दिवसा ते काम आईला एकटीने करावे लागेल.