मदत हवी आहे: डोंगरातल्या घराचं छप्पर, लाकडी वासे की लोखंडी पाइप? पाऊस तोंडावर आलाय

डोंगरवाट (4 मे, रात्री 10:40)
नमस्कार. वेळ कमी आहे, थेट विचारतो. चार खोल्या आणि पुढे लांब पडवी असं घर बांधतोय. शहरात दमलेल्या माणसांनी यावं, आठ-दहा दिवस शांत राहावं, एवढ्यासाठी. सगळं इथलंच वापरायचं असं पहिल्या दिवसापासून ठरवलंय: काळ्या दगडाचं जोतं, वर जांभ्याचा चिरा, शेणाने सारवलेली जमीन, मंगलोरी कौलं. भिंती खिडक्यांच्या वर आल्यात. आता सुतार म्हणतो, वासे विसरा, लोखंडी पाइप टाका, वर पत्रा मारा, आठ दिवसांत छप्पर देतो. दोन वर्षं ज्यासाठी घालवली ते पत्र्याखाली जाणार, हे मला सहन होत नाही. लाकडाचं छप्पर मिरगाआधी होईल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा.

चिरेखण (4 मे, रात्री 11:15)
तालुका कोणता? छपराचा उतार किती अंशांचा? चिरा मातीत लावलाय की सिमेंटात? लाकूड कुठलं, तोडून किती दिवस झाले? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग सांगणार काय?

चाकरमानी (5 मे, सकाळी 7:50)
आधी बिगरशेती परवानगी घेतलीय का ते बघा. आणि मुळात शेतकरी दाखला आहे का? 1948 च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाचं चिऱ्याचं घर बांधून झालं आणि मग नोटीस आली.

डोंगरवाट (5 मे, सकाळी 9:05)
कागदपत्रं पूर्ण आहेत, जमीन आजोबांची आहे. कृपया छपरावर बोला.
चिरेखण, संगमेश्वर तालुका, पार सह्याद्रीच्या पायथ्याशी. चिरा मातीत, थोडा चुना घालून. नकाशात उतार 20 अंश आहे. लाकूड आमच्याच रानातला ऐन. तोडायची परवानगी परवा मिळाली.

चिरेखण (5 मे, सकाळी 9:30)
परवा परवानगी! म्हणजे ऐन अजून उभाच आहे. मग तुमचा सुतार खरं बोलतोय. ओल्या ऐनाचे वासे चढवलेत तर दिवाळीपर्यंत पिळवटतील, कौलांखालची रीप उचलली जाईल, कौलांत फटी पडतील. आणि 20 अंशांवर मंगलोरी कौल आपल्या पावसात टिकत नाही, वाऱ्याने पाणी उलटं चढतं. निदान 30 हवेत. आमच्याकडे 35 ला बांधतात आणि पश्चिमेची वळचण माणसाला वाकायला लागेल इतकी खाली आणतात, झड अडते. नकाशा करणाऱ्याने कोकणातला एक तरी जुलै पाहिलाय का, विचारा त्यांना.

माणगाबन (5 मे, दुपारी 1:20)
लाकूड हवंय कशाला? बांबू घ्या. त्यातला माणगा जवळजवळ भरीव असतो, घरावर तो छान चालतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात नीट भिजवला की भुंगा लागत नाही. कुडाळला बांबूचं केंद्र आहे, तिथे जाऊन बघून या. आमची पडवी बांबूवर उभी आहे, सातवं वर्ष.

आगरवाला (5 मे, दुपारी 2:00)
पडवी आणि चार खोल्यांचं छप्पर यांत फरक आहे. शिवाय बांबू पावसाळा संपल्यावर तोडायचा, आत्ताच्या बांबूत साखर भरलेली असते, भुंग्याला आयतंच. मेमध्ये बांबू सुचवणं बरोबर नाही.
मी तर म्हणतो पत्राच घाला. कौलांवर माकडं येतात. आमच्याकडे एका मोसमात दीडशे कौलं फुटली. वयाच्या पासष्टीला शिडीवर चढून कौलं बदलायची, ती पण भर पावसात. गावात निम्म्या घरांवर पत्रा आलाय तो हौसेने नाही.

माणगाबन (5 मे, दुपारी 2:25)
मी आत्ता तोडा असं लिहिलंच नाही. भिजवून ठेवलेला बांबू विकत मिळतो. आणि पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी झोपून दाखवा, मग बोलू.

आगरवाला (5 मे, दुपारी 2:40)
झोपतोय की गेली नऊ वर्षं. पत्र्याखाली चटईचा माळा घातला की होतं.

सुपारीबाग (5 मे, दुपारी 4:10)
राहायला किती घेणार माणशी? आमची पण वाडी रिकामी आहे, असं काही करावं म्हणतो. जेवण घरचंच देणार का?

परसदार (5 मे, संध्याकाळी 6:30)
डोंगरवाट, तुमच्या दुसऱ्या धाग्यातला फोटो आत्ता पाहिला. मागच्या भिंतीमागे लाल माती उभी कापलेली दिसतेय. ती किती उंच आहे आणि भिंतीपासून किती लांब? छपराचं राहू दे, आधी हे सांगा.

डोंगरवाट (5 मे, रात्री 9:15)
उतारावर सपाटी करताना डोंगर तासावा लागला. आज टेपने मोजलं, 11 फूट उंच. मागच्या खोलीची भिंत तिथून 4 फुटांवर. निघालेली माती पुढच्या अंगाला टाकून खळं, म्हणजे अंगण, वाढवलं. पण कापलेली माती कडक आहे, पहार लागत नव्हती. आणि हो, गाडीरस्ता नाही. शेवटचं सव्वा किलोमीटर पायवाट आहे, सगळं डोक्यावरून येतं.

गडगा (5 मे, रात्री 10:50)
दोन दिवस नुसतं वाचत होतो. आता लिहितो, कारण घरापेक्षा मोठी गोष्ट आहे. गावात तीस वर्षं दगडी बांध आणि गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या भिंती, घालतोय.

मेमध्ये लाल माती पहारेला दाद देत नाही, आणि जुलैत तीच माती पायाखाली लोण्यासारखी होते. वरच्या डोंगराचं सगळं पाणी त्या 11 फुटांच्या कापातून बाहेर यायला बघणार. 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळिये गावात दरडीखाली 80 हून जास्त माणसं गेली. 19 जुलै 2023 ला रात्री इरशाळवाडी गेली. ती घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होती, तुमच्यासारखा डोंगर कापलेला नव्हता, तरी गेली. तुमच्याकडे परकी माणसं झोपणार, दमलेली, डोंगराची खूण न ओळखणारी. दरड भिंतीवर आली तर चिरा मातीत लावलेला असो की सिमेंटात, काही फरक पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. कापाच्या वर पाच-सहा फूट सोडून आडवा चर खणा, हातभर खोल, थोडा उतार देत, आणि पाणी बाजूच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडा. हे काम पावसाआधी होतं, चार गडी चार दिवस. काप उभा ठेवू नका, पायऱ्या पाडून मागे घ्या. काप जितका उंच, निदान तितकं अंतर भिंतीपासून हवं. म्हणजे तुमची मागची खोली त्या जागी बसत नाही. ती उतरवा. चिरे वाया जात नाहीत, मातीतला चिरा मोकळा होतो, हाच त्याचा मोठा गुण. पुढे भराव टाकलाय त्यावर जोतं, खांब काही नको, तो पहिल्या पावसात बसणार. त्याच्या कडेला कोरडा गडगा घाला, फटींतून पाणी निघून जाऊ द्या. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि मग पोट फुगून पडते.

छप्पर या वर्षी नकोच. 2025 ला पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला होता, कोकणात त्याच्याही आधी. भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री, वर झावळ्या, दगडांनी दाबून. मातीतल्या भिंतीत वरून पाणी शिरू दिलं नाही की ती पावसाळा काढते. ऐन आत्ता तोडा, साल काढा, शेडखाली पट्ट्यांवर रचून ठेवा, कार्तिकात सुताराला बोलवा.

चिरेखण (6 मे, सकाळी 8:00)
गडगा यांच्याशी पूर्ण सहमत, मी फोटो पाहिलाच नव्हता.
आता गाडीरस्ता नाही म्हटल्यावर पाइपांचा हिशोबही बघा. पाइप कापून नेता येतील, पण वेल्डिंगला जनरेटर डोक्यावरून नेणार? उलट कौलांचं सांगतो. चौरस मीटरला 15 कौलं, एक कौल अडीच किलोच्या घरात. शंभर चौरस मीटर छप्पर धरलं तर 1500 कौलं, पावणेचार टन. डोक्यावर एका वेळी दहा, म्हणजे दीडशे खेपा. पावसानंतर पायवाट सुकली की हे जमण्यासारखं आहे. आजूबाजूला जुनं घर मोडत असेल तर वासे आणि भाल, म्हणजे छपराचं मोठं आडवं लाकूड, तिथून घ्या. पन्नास वर्षांपूर्वीचा वाळलेला किंजळ किंवा फणस मिळाला तर नव्या ऐनापेक्षा सरस.

चाकरमानी (6 मे, सकाळी 8:20)
जुनं लाकूड आणतानाही वाहतुकीचा पास लागतो का ते वनखात्यात विचारून घ्या.

डोंगरवाट (8 मे, रात्री 9:50)
गडगा, तुमचा संदेश वाचून त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आजोबांनी त्या जागी कधी गोठासुद्धा बांधला नव्हता, बांधला तो खालच्या कातळावर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.
कालपासून चार गडी चर खणतायत. मागची खोली आज उतरवायला घेतली, दीडशेच्या वर चिरे अख्खे निघाले. तीन खोल्यांचंच घर ठेवतोय. नकाशा 35 अंशांनी पुन्हा काढायला दिलाय. सुताराला कार्तिकातली तारीख दिली, तोही मोकळा झाला. एकच विचारायचंय: चराचं पाणी पऱ्यात सोडतोय तिथे खाली शेजाऱ्यांची भाताची खाचरं आहेत. चालेल ना?

गडगा (8 मे, रात्री 10:30)
शेजाऱ्यांना घेऊन जा आणि त्यांच्यासमोर जागा ठरवा. चराच्या तोंडाशी मोठे धोंडे टाका, पाण्याचा जोर तुटतो. खाचराच्या बांधावर थेट धार पडता कामा नये. पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी चर फिरून बघा, पालापाचोळ्याने तुंबलेला असतो.