गुकेश-डिंग १४वा डाव: ५५वी चाल इतकी वाईट का?

डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा शेवटचा डाव: डिंग लिरेनचे पांढरे मोहरे, डी. गुकेशचे काळे. डिंगकडे हत्ती, उंट, एक प्यादं. गुकेशकडे एक प्यादं जास्त. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरात नेल्यावर लगेच हार कशी?

उत्तर १: हत्ती एफ२ वर नेला नसता तर बरोबरी टिकत होती. एफ२ वर हत्तींची मारामारी होते, मग गुकेशचा उंट डी५ वर येतो. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, त्याला एकच तिरपी रेघ. उंटांची अदलाबदल टळतच नाही.

उत्तर २: आणि उरतो निव्वळ राजा-प्याद्यांचा शेवट, एकास दोन. हत्ती पटावर असेपर्यंत जादा प्यादं पचवता येतं, इथे नाही. ५८व्या चालीला डिंगने हार मानली.

उत्तर ३: सरावाला नियम: अशा शेवटात हत्ती देण्याआधी सगळे मोहरे उतरल्यावरचा पट मोजा. घड्याळात वेळ कमी असेल तर नक्कीच!