मदत हवी आहे: थीम पार्कच्या सहलीसाठी खिशात मावणारा कॅमेरा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

येत्या सुट्टीत आम्ही सगळे मिळून एका मोठ्या थीम पार्कला जाणार आहोत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई-सासरे. सकाळी दारं उघडल्यापासून रात्रीची आतषबाजी संपेपर्यंत आतच राहायचा बेत आहे. या सहलीसाठी एक छोटा कॅमेरा घ्यायचं ठरलंय, पण कोणता, तेच ठरत नाहीये.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, असं कुणी विचारण्याआधीच सांगते. दिवसभर तिकिटं, नकाशा, रांगांच्या वेळा आणि चुकामूक झाली की एकमेकांना फोन, हे सगळं मोबाइलवरच असणार. तो फोटोंसाठीही वापरला तर दुपारीच मान टाकेल. शिवाय मुलं राइडमध्ये बसली की आपण कठड्याबाहेर बरेच लांब असतो, आणि माझ्या मोबाइलला ऑप्टिकल झूम नाही. नुसतं मोठं करून काढलेल्या फोटोत चेहरे पुसट येतात. आणि माझ्या दृष्टीने खरं कारण वेगळंच आहे: फोटो नेहमी मी काढते, त्यामुळे आमच्या सहलींच्या फोटोंत मी जवळजवळ नसतेच. कॅमेरा असला तर तो सासऱ्यांच्या किंवा लेकीच्या हातात सहज देता येईल. या वेळी मला मुलांसोबत फोटोत यायचं आहे.

जुना डीएसएलआर घरी आहे, पण तो गळ्यात घेऊन राइडमध्ये बसता येत नाही आणि बाहेर कुणी एकाने सांभाळत बसायचं हे मला नको आहे.

आतापर्यंत पाहिलेले कॅमेरे: कॅनन एसएक्स७४० एचएस (४० पट झूम), कॅनन जी७एक्स मार्क ३, सोनी आरएक्स१०० मार्क ७ आणि ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७, जो पाण्यात चालतो. ४० पट झूमचा खरंच उपयोग होतो का? १ इंची सेन्सरने (प्रकाश टिपणारी चिप) रात्री एवढा फरक पडतो का? सासऱ्यांना चष्मा आहे, उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, त्याचं काय करावं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
फोटो छापणार आहात की फक्त मोबाइलवर बघणार? आणि व्हिडिओ किती काढणार?

धागाकर्ती:
छापणार आहोत. अल्बम करायचा आहे आणि एखादा मोठा फोटो भिंतीवर लावायचा आहे. व्हिडिओ छोटे छोटेच.

प्रतिसाद:
ताई, मग झूमचा आकडा जरा बाजूला ठेवा आणि सूर्य मावळल्यावर तुम्हाला काय काय टिपायचं आहे ते आधी ठरवा. थीम पार्कचे सगळ्यांना हवे असलेले फोटो बहुतेक तेव्हाचेच असतात: दिव्यांची परेड, रोषणाई केलेले पाळणे, थकून बाबांच्या खांद्यावर बसलेलं मूल. दुपारच्या उन्हात कुठलाही कॅमेरा बरा फोटो काढतो. कस लागतो तो संध्याकाळी.

एसएक्स७४० चा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी आहे. जी७एक्स आणि आरएक्स१०० चा १३.२ × ८.८ मिमी ('१ इंची' हे नुसतं नाव), म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यात लेन्सचा फरक आणखी भर घालतो. जी७एक्स मार्क ३ चं अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) झूम न करता एफ/१.८ आहे, एसएक्स७४० चं एफ/३.३. त्यामुळे परेडमध्ये जिथे जी७एक्सचं आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ८०० वर भागतं, तिथे त्याच शटर स्पीडला (फोटो टिपायला लागणारा वेळ) एसएक्स७४० ला २७०० च्या आसपास जावं लागतं, आणि तेही चौपट लहान सेन्सरवर. छापलेल्या फोटोत हा फरक लपत नाही. झूम पूर्ण ताणला तर त्याचं अ‍ॅपर्चर एफ/६.९ होतं, म्हणजे दिवे लागल्यावर तो झूम असून नसल्यासारखा.

'स्टॅबिलायझेशन आहे की' असं दुकानदार म्हणेल. ते आपल्या हाताची थरथर सावरतं, धावणाऱ्या मुलाला थांबवत नाही. नाचणाऱ्या-पळणाऱ्या मुलासाठी शटर स्पीड १/२५० सेकंद तरी हवाच, वेगात जाणाऱ्या राइडसाठी १/१००० च्या पुढे.

आता झूम किती लागतो ते बघा. तुम्ही २० मीटरवर उभ्या आहात असं धरा. १०० मिमीच्या झूमला (मिमी जितके जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं) चौकटीत साधारण ७ मीटर रुंदीचा भाग येतो, २०० मिमीला साडेतीन मीटर, म्हणजे दोन मुलं आणि त्यांचा लाकडी घोडा व्यवस्थित. एसएक्स७४० च्या ९६० मिमीला जेमतेम पाऊण मीटर. फिरत्या पाळण्यावरचं मूल त्या पाऊण मीटरमध्ये पकडून दाखवा! चौकटीत आलं म्हणेपर्यंत निघून गेलेलं असतं.

म्हणून निवड खरी दोघांतच आहे. जी७एक्स मार्क ३ ची लेन्स २४ ते १०० मिमी, पण झूम केल्यावरही एफ/२.८ राहते, म्हणजे रात्रीचा राजा. आरएक्स१०० मार्क ७ ची २४ ते २०० मिमी, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते ४.५, त्यामुळे अंधारात तो थोडा मागे, पण हलत्या मुलांच्या डोळ्यांवर फोकस धरून ठेवण्यात बराच पुढे. शिवाय त्याला वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे आणि त्यावर नंबर जुळवायची छोटी कळ असते. सासऱ्यांच्या चष्म्याचा प्रश्न त्यात सुटू शकतो. जी७एक्सला व्ह्यूफाइंडर नाही. दोन्ही ३०० ग्रॅमच्या आसपास आणि दोन्ही २०१९ चे. मॉडेल जुनं म्हणून बिचकू नका.

प्रतिसाद:
वरच्या दादांचं प्रकाशाचं गणित मान्य आहे, पण ताईंनी लिहिलेलं खरं कारण त्यात मागे पडलं असं मला वाटतं. त्यांना कॅमेरा सगळ्यांच्या हातात फिरवायचा आहे. मुलांच्या आणि आजोबांच्या हातातून तो पडणार, त्यावर पाणी सांडणार. आरएक्स१०० ची बाहेर येणारी लेन्स अशा वेळी फार नाजूक. टीजी-७ ची लेन्स आतच असते. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडणं सोसतो. फोटो १२ मेगापिक्सेलचे, सेन्सर लहान, हे खरं. पण जो कॅमेरा जपून बॅगेत ठेवला जातो, त्यात त्या दिवसाचे फोटोच येत नाहीत. पाण्याच्या राइड जास्त करणार असाल तर माझं मत टीजी-७ ला.

प्रतिसाद:
पाण्याच्या राइडपुरती झिपची जाड पिशवी पुरते, राइड संपेपर्यंत कॅमेरा तिच्यात बंद. तेवढ्यासाठी रात्रीच्या फोटोंवर पाणी सोडू नका. बाकी कुठलाही घ्या, जादा बॅटरी घ्याच. आरएक्स१०० मार्क ७ ची बॅटरी अधिकृत चाचणीत २६० फोटोंची, जी७एक्सची २३५ ची, आणि व्हिडिओ काढले की त्याहून लवकर संपते. पार्कचे नियम आधी वाचा. डिस्नेच्या पार्कांत २०१५ पासून सेल्फी स्टिकला बंदी आहे आणि रोलर कोस्टरवर हातात कॅमेरा धरू न देणारी पार्कं बरीच आहेत. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश बंदच ठेवा. मात्र भर उन्हात टोपीची सावली चेहऱ्यावर पडते तेव्हा फ्लॅश मुद्दाम लावा, तो खरा तिथे कामाला येतो.

आणखी एक. एसी हॉलमधून दमट हवेत बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, पुसत बसू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! पाऊण मीटरचं गणित वाचून ४० पट झूमचा विचार सोडला. पाण्याच्या राइड आम्ही एखाद-दुसरीच करू, सासूबाईंना भिजायचं नाहीये. व्ह्यूफाइंडरमुळे सासऱ्यांची सोय होते आणि कठड्याबाहेरून मुलं नीट दिसतील एवढा झूम आहे, म्हणून आरएक्स१०० मार्क ७ कडे मन झुकलंय. दोन शंका उरल्या. सासऱ्यांच्या हातात दिला तर सेटिंग कोण बदलणार? आणि आतषबाजी त्यात येईल का?

प्रतिसाद:
सेटिंग घरूनच करून द्या. आयएसओ ऑटो ठेवा, त्यातच किमान शटर स्पीड ठरवायची सोय आहे, ती १/२५० करा, चेहऱ्यावरचा फोकस चालू करा आणि हे सगळं डायलवरच्या एमआर (साठवलेली सेटिंग परत आणणाऱ्या) जागेत साठवा. मग आजोबांनी डायल एमआरवर आहे ना एवढंच बघायचं आणि बटण दाबायचं. निघण्याआधी त्यांना घरातल्या घरात मुलांमागे लागून सराव करू दे.

आतषबाजीसाठी उलट करा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर २ ते ४ सेकंद, फ्लॅश बंद, झूम न करता. फोकस हाताने दूरवर लावून ठेवा. कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. सुरुवातीलाच काढून घ्या, नंतर धूर साठतो आणि सगळं करडं दिसायला लागतं. आणि चार-सहा फोटो झाले की कॅमेरा सासऱ्यांकडे द्या, एमआरवर करून. तेव्हा तुम्ही आणि मुलं आकाशाकडे बघत असाल, तोच फोटो त्यांना काढायला सांगा.

धागाकर्ती:
हे सगळं लिहून घेतलं. पट्टा गळ्यातला घ्यावा की मनगटाचा?

प्रतिसाद:
मनगटाचा. गळ्यातला राइडच्या दांड्यात अडकतो. आणि राइडमध्ये बसताना कॅमेरा चेनच्या खिशात.