प्रेशर शंभर नको
सायकलच्या ट्यूबलेस टायरबद्दल 'सीलंट (टायरच्या आत टाकायचं, पंक्चर बुजवणारं द्रव) टाकलं की विषय संपला, प्रेशर नेहमीसारखं शंभर मारा' असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते शंभर पीएसआयचं काही पटलं नाही. आधी रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली वळलेली कड नसलेली) आहे का बघा, असेल तर ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआय ही कमाल मर्यादा (टायरवर त्याहून कमी छापलं असेल तर तीच), वर गेलं की टायर रिमवरून सुटू शकतो, आणि आंजर्ल्याच्या उतारावर सुटला तर सीलंट काय कपाळ करणार?

बाकी आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर आटतं. पावसाळ्याआधी हवा सोडून, व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढून पातळ झिपटाय (बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) आत घालून बघाच, ओली आली तर ठीक, नुसत्या रबराच्या गुठळ्या चिकटल्या तर नवीन भरा, कारण जांभ्याचे बारीक खडे रस्त्यावर वाहून येतात ते तेव्हाच.