मदत हवी आहे: कोल्हापुरात को-वर्किंग ऑफिस, २२ डेस्कचं गणित बसत नाही

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर १,४०० चौरस फुटांचा हॉल भाड्याने मिळतोय. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम घरून करणारी बरीच पोरं-पोरी इथे आहेत, त्यांच्यासाठी मी आणि मामेभाऊ मिळून को-वर्किंग, म्हणजे महिन्याच्या भाड्याने डेस्क देणारं सामायिक ऑफिस, काढायचं म्हणतोय. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला स्वस्तात जागा होती, पण २०१९ आणि २०२१ चा पूर आठवला आणि तो विषय सोडला.

हॉलमध्ये २२ डेस्क, सहाजणांची मीटिंग रूम आणि फोनसाठी दोन छोट्या केबिन बसतात. महिन्याचा खर्च असा: भाडं ४०,०००, लाईट बिल १४,०००, दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट ५,०००, एक माणूस १४,०००, झाडलोट-चहा-पाणी ९,०००. झाले ८२,०००. डेस्कला महिन्याला ४,००० धरले तर २१ डेस्क भरले तरच खर्च निघतो! फर्निचर, एसी, इन्व्हर्टर यात धरलेलंच नाही. मामेभाऊ म्हणतो, "भरतंय की." मला नाही वाटत.

म्हणून दोन वाटा दिसतात. एक, अर्ध्या हॉलमध्ये एमपीएससीवाल्या मुलांसाठी अभ्यासिका. ती लगेच भरेल, पण तिथे दर कमी, शिवाय मुलांना टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता लागते आणि आमची मंडळी दिवसभर कॉलवर. दोन, नुसता पत्ता भाड्याने देणं, म्हणजे व्हर्च्युअल ऑफिस. यात जागा अडत नाही, पण अनोळखी माणसाला पत्ता द्यायला भीती वाटते.

जीएसटीचंही कोडं आहे. उलाढाल २० लाखांच्या आत राहणार, त्यामुळे नोंदणीची सक्ती नाही. घेतली तर फ्रीलान्सरला ४,००० चे ४,७२० पडतील. नाही घेतली तर कंपन्या जीएसटीचं बिल मागतात तेव्हा काय करायचं? त्यात मालक नोंदणीकृत नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने, आम्ही नोंदणी केली की त्यांच्या भाड्यावरचा १८ टक्के कर आम्हीच भरायचा. तो आमच्या भरायच्या जीएसटीतून वजा मिळतो, पण आधी खिशातून जातो.

कुणी लहान शहरात हे चालवलंय का? पहिल्या वर्षात किती डेस्क भरले, ते खरं सांगा.

प्रतिसाद

ताई, डेस्कचं नंतर बघा, आधी करारनामा बघा. लीव्ह अँड लायसन्समध्ये जागा तुम्हालाच वापरायला मिळते. "मेंबर बसतील, त्यांच्या नोंदणीला हा पत्ता दिला जाईल" असं स्पष्ट लिहून घ्या आणि करार रजिस्टर करा. हे न लिहिता व्हर्च्युअल ऑफिस काढलं तर मालकाचं संमतीपत्र दरवेळी मागत फिराल. मीटर व्यापारी आहे का, मंजूर भार किती, तेही विचारा. चार एसी लावल्यावर भार वाढवून घ्यायचा खर्च तुमच्या गळ्यात नको. फर्निचरच्या कामाचे दोन महिने भाडं माफ मागा, रिकामा हॉल असेल तर देतात. अभ्यासिका करायचीच तर दार वेगळं हवं. मधे नुसतं प्लायवूड लावून आवाज थांबत नाही.

धागाकर्ती

आभारी आहे दादा. हॉलला मागून दुसरा जिना आहे, ते डोक्यातच आलं नव्हतं. कराराचा मसुदा उद्या मालकांना दाखवते. जीएसटीबद्दल अजून कुणी?