सुपडू, अनाया आणि मुक्ता : नावाचा अर्थ कोठे शोधावा?

गिरणाकाठ, चाळीसगाव (प्रश्न)

आमच्या घरी गेल्या आठवड्यात मुलगी झाली. जन्म कृत्तिकेच्या पहिल्या चरणावरचा असल्यामुळे गुरुजींनी 'अ' हे अक्षर काढून दिले आहे. पुण्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे बाळाच्या फुईने, 'अनाया' हे नाव सुचवले. नावांच्या एका यादीत ते संस्कृत असल्याचे म्हटले असून त्याचा अर्थ 'जिच्याहून श्रेष्ठ कोणी नाही' असा दिलेला आहे.

यावर घरात बोलणे चालू असताना विषय आजोबांच्या नावावर गेला. आजोबांचे नाव सुपडू होते. वडिलांच्या सातबाऱ्यापासून पेन्शनच्या पुस्तकापर्यंत प्रत्येक कागदावर ते नाव मधोमध आहे, आणि शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर हजेरीत ते मोठ्याने वाचले गेले की वर्गात हसू फुटत असे, हे वडिलांनी आम्हांला अनेकदा सांगितले आहे. बहिणीचे म्हणणे असे, की जुन्या लोकांनी अर्थ न पाहता नावे ठेवली, आपण तरी अर्थ पाहून ठेवू. मला हे पटत नाही, परंतु उत्तरही देता येत नाही. 'अनाया'चा दिलेला अर्थ बरोबर आहे का, आणि 'सुपडू' या नावाला खरोखरच काही अर्थ नाही का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दार्थी, धुळे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर माझ्यापेक्षा अधिक माहिती असणारे येथे आहेत.

संस्कृतात 'नय' म्हणजे नीती, योग्य वर्तन, आणि 'अनय' म्हणजे अनीती किंवा दुर्दैव. मराठी माणसाच्या कानाला तर 'अनय' म्हटल्यावर गवळणीतला राधेचा नवरा आठवतो, कारण 'अनयाची राधा' हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'नाय' म्हणजे नेता असा शब्द संस्कृतात आहे. त्याला 'अ' जोडून, जिच्यावर कोणी नेता नाही म्हणून जिच्याहून श्रेष्ठ कोणी नाही, अशी ओढाताण यादी करणाऱ्याने केली असावी. हा अर्थ शब्दातून निघालेला नाही, तो शब्दावर लादलेला आहे.

मात्र नाव निरर्थक आहे असेही नाही. अरबीत 'इनाया' म्हणजे काळजी, आस्थेने केलेली देखभाल, आणि फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्यापर्यंत आलेला 'इनायत' हा शब्द त्याचाच भाऊ आहे. हिब्रू भाषेतही 'अनाया' हे नाव आढळते. बायबलमधील नहेम्या या पुस्तकात ते एका पुरुषाचे नाव असून त्याचा अर्थ 'परमेश्वराने उत्तर दिले' असा होतो. म्हणजे एकाच उच्चाराला तीन भाषांत तीन अर्थ आहेत, आणि त्यांतला एकही यादीत दिलेला नाही. असे घडणे दुर्मीळ नाही. आपल्याकडे किरण म्हणजे प्रकाशाची रेषा, तर आयर्लंडमधील जवळपास त्याच उच्चाराचे 'कियारान' हे नाव 'काळा' या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. सध्या फार चाललेल्या 'कियारा' या नावाकडे इटालियन 'कियारा'चे रूप म्हणून पाहिले तर ते उजळ ठरते, आणि आयरिश म्हणून पाहिले तर सावळे.

आपल्या भगिनींना नाव आवडले असेल तर ते अरबी मुळाचा अर्थ मनात ठेवून जरूर ठेवावे. काळजी आणि कृपा हे लेकीसाठी फार सुंदर अर्थ आहेत. ते संस्कृत आहे असे मात्र तिला शिकवू नये.

केळीबाग, रावेर

सुपडू या नावाला अर्थ नाही, असे कृपया पुन्हा म्हणू नये. माझ्या गावातील जुन्या मतदारयादीत सुपडू, उखर्डू, भिका, नथ्थू, चिंधू, दगडू ही नावे पानोपानी आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या मागे घरात आधी गेलेली मुले उभी असतात.

माझ्या आजीने सांगितलेली रीत अशी होती. ज्या बाईची मुले जगत नसत, तिला पुन्हा मूल झाले की ते लगेच पाळण्यात न घालता सुपात ठेवत, सुईण किंवा शेजारीण ते आपले म्हणून उचलून नेत असे, आणि मग आई मूठभर धान्य देऊन ते परत विकत घेत असे. मूल आता हिचे नव्हे, ते धान्यासारखे सुपात पडलेले आहे, अशी मृत्यूची समजूत व्हावी, एवढाच त्यामागे हेतू होता. उखर्डू हा त्याच भावनेने क्षणभर उकिरड्यावर ठेवलेला, चिंधू हा चिंधीइतका क्षुल्लक म्हणून दाखवलेला, आणि नथ्थू हा नाक टोचून मुलगी म्हणून लपवलेला मुलगा. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण आपण सर्वजण वापरतो. ही म्हण त्या नावाचे मूळ आहे असा माझा दावा नाही, परंतु सुपडू हे नाव ऐकले की मला ती आई दिसते, जिला आपले मूल अजून काही काळ जात्यापासून दूर सुपातच राहावे असे वाटत होते.

ही रीत केवळ खानदेशची नाही. बंगालमध्ये तीन कवड्यांना 'विकत घेतलेला' तिनकडी असे. मंगोलियात आधीची मुले दगावली असतील तर 'नेर्गुई', म्हणजे नाव नसलेला, किंवा 'एनेबिश', म्हणजे हा नव्हे, अशी नावे ठेवून दुष्ट शक्तींची वाट चुकवत. नायजेरियातील योरुबा लोकांत 'मालोमो' हे नाव आहे, त्याचा अर्थ 'पुन्हा जाऊ नकोस' असा होतो. आपला भिका हा देवाकडे पदर पसरून मागितलेला, आणि बायबलमधील शौल राजाच्या हिब्रू नावाचाही अर्थ 'मागितलेला' असाच आहे.

एक फरक मात्र स्पष्ट ठेवावा. 'नकोशी' किंवा 'नकुसा' हे नाव या मालिकेत बसत नाही, कारण सुपडूच्या आईला मूल हवे होते म्हणून तिने ते नको असल्याचे दाखवले, आणि नकोशीच्या घरात मुलगी खरोखरच नको होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, ते योग्यच झाले.

सातपुडा, धडगाव

मी या भागात अनेक वर्षे शिक्षक आहे. आमच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये वारावरून ठेवलेली नावे अजूनही आहेत. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगल्या, बुधवारची बुधी, शुक्रवारचा शुक्र्या अशी ती असतात. शाळेत नाव घालताना अशी नावे 'सुधारून' लिहिण्याची प्रथा काही ठिकाणी होती, आणि मुलाला घरी एक व शाळेत दुसरे नाव घेऊन वावरावे लागे, याचे मला आजही वाईट वाटते. घानामधील अकान लोकांत हीच पद्धत प्रतिष्ठेची आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान यांचा जन्म 8 एप्रिल 1938 रोजी शुक्रवारी झाला, आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. त्यांच्या नावातील 'अट्टा' या शब्दाचा अर्थ जुळ्यांपैकी एक असा आहे. आमचा शुक्र्या आणि ते एकाच रीतीचे नाव लावतात, हे मी वर्गात सांगतो तेव्हा शुक्र्या ताठ बसतो.

तापी-पूर्णा संगम, मुक्ताईनगर

'अ' या अक्षराविषयी एक सांगावेसे वाटते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून एकशे आठ अक्षरे होतात आणि कृत्तिकेची 'अ, ई, उ, ए' ही आहेत. परंतु अनेक घरांत हे अक्षर नावरस नावापुरतेच पाळले जाते. ते नाव फुई पाळण्यापाशी कानात सांगते, आणि व्यवहारातले नाव निराळे असू शकते. त्यामुळे 'अ'च्या यादीत अडकण्याचे कारण नाही.

आपल्याकडे वारकरी घरांत निवृत्ती, ज्ञानेश्वर, सोपान, मुक्ता ही भावंडांची नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. बहिणाबाई चौधरी यांच्या कवी झालेल्या मुलाचे नावही सोपानदेवच होते. 'मुक्ता' या नावाचे दोन्ही अर्थ संस्कृतात पक्के आहेत, एक मोकळी झालेली आणि दुसरा मोती. मोती या अर्थाने पाहिले तर ग्रीक मुळाचे मार्गारेट हे नाव तिची सख्खी मैत्रीण ठरते. चौदाशे वर्षांचे म्हणवणाऱ्या चांगदेवांना ज्या लहानग्या मुलीने उपदेश केला, तिचे नाव ठेवताना 'श्रेष्ठ' हा अर्थ वेगळा शोधावा लागत नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सर्वांचे मनापासून आभार. केळीबाग यांचे उत्तर मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर जे त्यांनी सांगितले ते मी आयुष्यात प्रथमच ऐकले. आजोबांच्या आधी त्यांच्या आईची दोन मुले गेली होती. थोरल्याचे नाव ओंकार होते, आणि दुसऱ्याचे बारसे झालेच नव्हते.

बहिणीशी फोनवर बोललो. ती म्हणाली की नावरस नाव अनाया राहू द्यावे, ते ती स्वतः कानात सांगेल, आणि व्यवहारात मुक्ता ठेवावे. बारसे येत्या गुरुवारी आहे. पाळण्याशेजारी ठेवण्यासाठी वडिलांनी माळ्यावरून जुने सूप काढून धुऊन ठेवले आहे.